बंबाचे अस्तर

मी एक जुना बंब आहे. मित्रांनो, घाबरून रस्त्याच्या कडेला होऊ नका, कारण रस्त्यावर मी कधी धावलोच नाही. खऱ्या बंबाच्या बाराव्या हिश्शाएवढा माझा आकार. दोन फुटांहून थोडा लांब, सगळा प्लास्टिकचा. चाके फिरतात, शिडी वरखाली होते, घंटा मात्र वाजत नाही. एका शिवणकामाच्या खोलीत, धाग्यांच्या रिळांच्या फळीवर माझा मुक्काम असतो. खाली मशीन सुरू झाले की फळी थरथरते आणि माझी शिडी किंचित हलते. तेवढीच माझी धावपळ.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादी साच्यात तापलेले प्लास्टिक दाबून भरले, साचा उघडला आणि माझे चारशे बारा तुकडे चौकटींना लटकून बाहेर आले. माणसाचे मूल हातपाय घेऊनच जन्मते. मलाही होते, पण सुटे. त्या चौकटी एका मोठ्या खोक्यात रचल्या गेल्या. खोक्याच्या झाकणावर माझे चित्र होते. लालभडक, चकचकीत, धुराच्या लोटासमोर छाती काढून उभा असलेला बंब! झाकणाखालच्या अंधारात पडल्या पडल्या मी मनाशी म्हणायचो, आपण मोठेपणी असेच होणार. लहानपणी सगळ्यांनाच असे वाटते.

दुकानात मी बरीच वर्षे काढली. लहान विमाने, मोटारी पटापट खपायच्या. माझे खोके लोक हातात घ्यायचे, वजन बघायचे आणि परत ठेवायचे. शेवटी एक तरुण बाई आली. तिने झाकणावरच्या चित्राकडे टक लावून पाहिले आणि विक्रेत्याला म्हणाली, "हाच द्या. माझे बाबा बंब चालवायचे. आता घरी असतात."

अशा रीतीने मी काकांच्या घरी आलो. ती त्यांची एकुलती एक लेक. नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायची.

काकांना सगळी गल्ली 'बंबवाले' म्हणायची. एकतीस वर्षे त्यांनी अग्निशामक दलात गाडी चालवली होती. एकदा रबराच्या गोदामाला आग लागली. आत अडकलेल्या दोन हमालांना काढताना काकांच्या छातीत इतका काळा धूर गेला, की तो पुन्हा पुरता बाहेर आलाच नाही. डॉक्टरांनी सांगितले, धूर, धूळ आणि उग्र वास यांच्यापासून लांब राहायचे. मुदतीच्या चार वर्षे आधीच काकांना निवृत्ती मिळाली. तोंडात मारायचा एक औषधाचा पंप मिळाला. आणि खिडकीजवळची एक खुर्ची मिळाली. रस्त्यावरून बंबाचा भोंगा वाजत गेला की ते ताडकन उठायचे, दोन पावले टाकायचे आणि पुन्हा बसायचे.

माझे खोके उघडले त्या दिवशी मात्र ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"अगं, हे बघ, पंपाचं चाकसुद्धा वेगळं दिलंय! आणि ही नळी. अशीच होती आमच्या सातला." सात हा त्यांच्या गाडीचा नंबर होता.

काकू मशीनवरून न उठता म्हणाल्या, "चारशे तुकडे? एवढ्यात मी दोन पलटणींचे कपडे शिवीन."

पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपला चिमटा काकांच्या टेबलावर आणून ठेवला. मग कात्री आणली, मग टाचण्या. काकू शिवणकाम करायच्या. त्यांची शिवणाची खोली हीच काकांची कार्यशाळा झाली. एका बाजूला मशीनचा खडखड आवाज, दुसऱ्या बाजूला काका भिंगातून माझ्या चाकांची जोडणी करत असलेले. मित्रांनो, ते पाच महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते. शिडीच्या तीस पायऱ्या काकांनी एक एक करून चिकटवल्या. एखादी वाकडी बसली की काकू म्हणायच्या, "तो जवान पडणार हं." काका हसायचे, हसता हसता खोकायचे, आणि काकू मशीन थांबवून खोकला थांबेपर्यंत वाट बघायच्या.

मी जोडून तयार झालो, पण होतो पांढुरका, उकडलेल्या बटाट्यासारखा. आता रंग हवा होता.

माझ्यासोबत आलेल्या पुस्तिकेत अकरा रंगांची यादी होती. काकांनी माझी केबिन, जी रंगासाठी अजून सुटी ठेवली होती, कापडी पिशवीत घातली आणि बसने अशा जोडायच्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने विचारले, "बंब केवढा आहे?" काकांनी दोन्ही हात पसरून दाखवले.

"मग ह्या बाटल्या तुम्हाला पुरायच्या नाहीत," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "एकेक दहा मिलीची आहे. एवढ्या मोठ्या अंगाला नुसत्या प्रायमरच्याच, म्हणजे खालच्या थराच्याच, डझनभर लागतील. लाल वेगळाच."

काकांनी बाटलीखालची किंमत वाचली आणि बाटली इतकी अलगद परत ठेवली, जणू आत कोणी झोपले होते. औषधांतच त्यांचे निम्मे निवृत्तिवेतन जायचे. डझनभर बाटल्या म्हणजे चैन होती.

तिथून ते रंगाच्या दुकानात गेले. भिंती, दारे, गाड्या, सगळ्यांचे रंग तिथे मिळायचे. रंगवाला स्टुलावर बसला होता. त्याचे हात कोपरापर्यंत निरनिराळ्या रंगांनी भरलेले. त्याने माझी केबिन घेतली आणि नखाने हळूच खरवडून पाहिली.

"प्लास्टिक. ह्याला आधी अस्तर लागणार, काका. अस्तराशिवाय रंग म्हणजे ओल्या अंगावर पावडर. दिसतो, पण टिकत नाही. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, साच्याचं तेल असतं अंगावर. मग हे अस्तर, पाण्यातला प्रायमर. हा लहान डबा घ्या, असे तीन बंब होतील ह्यात. ब्रशनं पातळ हात द्यायचा, दिवसभर वाळू द्यायचं, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा एक हात. घाई करायची नाही. वास अजिबात नाही."

"आणि तो?" काकांनी वरच्या फळीकडे बोट दाखवले.

"तो गाड्यांचा प्रायमर. स्प्रे. दोन डब्यांत तुमचं काम होईल, तेही तासाभरात. हाही काही महाग नाही. आधी चौकटीच्या तुकड्यावर मारून बघायचा, प्लास्टिक मऊ पडत नाही ना. पण काका, वास फार उग्र. मोकळ्यावरच मारायचा, आणि तोंडाला नीट मास्क हवा, नुसतं फडकं नाही." तो थांबला. काकांच्या छातीतली शिट्टी त्याला ऐकू आली असावी. "तुम्हाला धाप लागते का?"

"जिना चढून आलो ना."

"माझ्या दुकानाला जिना नाही, काका."

काका हसले आणि पाण्यातल्या प्रायमरचा डबा घेऊन घरी आले.

काकूंना त्यांनी अस्तराचा सगळा कारभार समजावून सांगितला. काकू म्हणाल्या, "हे मला काय शिकवता? वरचं कापड कितीही भारी घ्या, अस्तर फसवं निघालं की कोट पहिल्या धुण्यात उघडा पडतो."

त्या संध्याकाळी काकू भाजी आणायला गेल्या, तेव्हा काकांनी डबा उघडला. ब्रश बुडवला. चौकटीच्या एका रिकाम्या तुकड्यावर रेघ ओढली. मग दुसरी. तो तुकडा हातात घेऊन ते फार वेळ बसून राहिले. मग ब्रश धुतला, डब्याचे झाकण ठोकून बसवले आणि तुकडा कचऱ्यात टाकला. काकू आल्यावर म्हणाले, "बेकार निघाला हा डबा. रेघा उठतात. रेघा दिसल्या तर तो बंब कसला, कुंपणाचं फाटक."

"मग आता?"

"बघू. स्प्रे स्वस्त पडतो म्हणे. गच्चीवर जाऊन मारीन."

काकूंनी सुई हवेतच धरली. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"उघड्यावर गं. वाऱ्यात. मला आगीतलं कळतं, हवेतलं कळत नाही का?"

दोन दिवसांनी काकूंना शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे पोचवायला जायचे होते. सकाळी सकाळी काका बाहेर जाऊन आले. त्यांची पिशवी दाराच्या खुंटीला अडकवलेली होती. काका शीळ घालत होते. कितीतरी महिन्यांनी मी त्यांची शीळ ऐकली. काकू गठ्ठे उचलून गेल्या.

त्यांची पावले जिन्यावरून उतरली तशी काकांनी मला आणि पिशवीतले दोन डबे घेतले आणि थांबत थांबत गच्ची गाठली. वर सोसाट्याचा वारा होता. त्यांनी चौकटीच्या तुकड्यावर फवारा मारून पाहिला. प्लास्टिक मऊ पडले नाही, पण ओल्या रंगावर रस्त्याची धूळ येऊन बसली. काकांनी तुकडा उजेडात धरला, मान हलवली आणि मला घेऊन खाली आले.

खाली आल्यावर त्यांनी मला न्हाणीघरात पालथ्या बादलीवर ठेवले. भिंतीतला लहान झरोका लावून घेतला. तोंडाला रुमाल बांधला. आणि एक ओला टॉवेल दाराच्या फटीशी नीट दाबून बसवला.

मित्रांनो, हे त्यांनी नोकरीत शेकडो घरांना शिकवले होते. बाहेर धूर असेल तर दाराच्या फटीला ओले कापड लावा, म्हणजे धूर आत येणार नाही. काकूंच्या घरात वास पसरू नये, शिवायला आलेल्या लोकांच्या कपड्यांना तो लागू नये, म्हणून त्यांनी तो टॉवेल लावला. पण त्या दिवशी धूर आतच होता.

डबा हलवला की आतली गोळी खुळखुळायची. मग 'फस्स' असा आवाज आणि थंड धुके. माझ्या अंगावर राखाडी थर बसू लागला. खरे सांगतो, तो फार सुरेख बसला. कुठे रेघ नाही, ओघळ नाही. काकांनी माझी डावी बाजू केली, उजवी केली, छत केले. "व्वा," ते म्हणाले. मग खोकला आला. ते थांबले. पुन्हा डबा उचलला, कारण पाठीमागची बाजू राहिली होती.

दुसरा खोकला थांबला नाही. त्यांनी खिसा चाचपला. पंप सदऱ्यात होता आणि सदरा बाहेर खुंटीवर. ते कडीपर्यंत पोचले. कडी निघालीही. पण दार आत उघडणारे होते आणि ते दारालाच टेकून खाली बसले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझ्या अंगावरचा रंग हाताला चिकटणार नाही इतका वाळला होता. मग काकूंचा आवाज आला. "अहो? अहो, कसला वास आहे हा?" मग दारावर थापा. मग दार थोडे ढकलले गेले आणि अडले. काकू अंगाने लहानखुऱ्या. त्यांनी खांदा लावला, पाय लावला, आणि एवढ्याशा फटीतून आत घुसल्या. त्यांचा धक्का लागून बादली आडवी झाली, मी फरशीवर आपटलो आणि माझा डावा आरसा तुटून मोरीत गेला. तो कोणी शोधला नाही. शोधण्यासारखी ती वेळही नव्हती.

काका एकोणीस दिवस इस्पितळात होते. परत आले ते ऑक्सिजनच्या मशीनसोबत. मशीनला लांब नळी होती आणि ती नळी जाईल तेवढेच आता काकांचे जग होते. खिडकीजवळची खुर्ची त्यात बसत होती. जिना बसत नव्हता.

ह्या काळात लेक आली होती. इस्पितळातून घरी कपडे न्यायला आल्यावर तिने मला, कोणीतरी न्हाणीघरातून आणून टेबलाखाली सारलेला, पाहिले आणि ती दाराशीच थांबली. काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बापाला खेळणं पाठवलंस ना? खेळले. मनसोक्त खेळले."

लेकीने मला उचलून टेबलावर ठेवले. जाताना म्हणाली, "आई, टाकून दे ते." काका घरी आल्यावर काकूंनी खरेच मला भंगारवाल्याकडे द्यायचे ठरवले, पण काकांनी नाकावरच्या नळीसकट मान हलवली. नाही. मग काकूंनी जुन्या अस्तराच्या कापडात मला गुंडाळले, सुतळीने बांधले आणि शिवणखोलीवरच्या पोटमाळ्यावर ढकलून दिले.

पोटमाळ्यावर मी आठ महिने होतो. फळ्यांच्या फटींतून खालचे सगळे ऐकू यायचे. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर, शिलाई मशीनची खडखड. लेकीचे फोन यायचे. पूर्वी काकू तिच्याशी भाजीच्या भावापासून शेजारच्या भांडणापर्यंत सगळे बोलायच्या. आता बोलणे असे व्हायचे: "हो. बरे आहेत. जेवले. ठेवते." काका फोन मागायचे, पण चार शब्दांत त्यांना दम लागायचा. आणि गुंडाळलेल्या कापडात मला वाटायचे, ह्या घरात जे काही बिघडले ते माझ्यामुळे बिघडले. वस्तूला अपराधी वाटत नाही असे तुम्ही समजत असाल. तुमच्यामुळे कोणाचा श्वास गेला तर कळेल.

एका दुपारी काकांनी मशीन थांबवायला सांगितले. शिलाईचे.

"मला बोलायचंय," ते म्हणाले. "मध्ये बोलू नकोस, मला दम पुरत नाही. तो स्प्रे मी स्वस्त म्हणून घेतला नव्हता."

काकूंनी सुई कापडात खोवून ठेवली.

"पाण्यातला प्रायमर चांगला होता. रेघा डब्यामुळं नव्हत्या. माझा हात... पंप मारला की थरथरतो. ब्रश सरळ जाईना. एकतीस वर्षं ह्या हातांनी गाडी काढली, एवढ्याशा दोन भिंतींच्या मधून काढली. आणि एक रेघ ओढता येईना." त्यांनी दम घेतला. "तुला दिसू नये म्हणून स्प्रे आणला. पोरीचा काही दोष नाही. तिला बोलू नकोस."

"तो हात मी दोन वर्षं बघतेय," काकू म्हणाल्या. "कप दोन्ही हातांनी धरता. सदऱ्याची बटणं मी आधीच लावून ठेवते. का, ते कळलं नाही कधी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होता म्हणून."

मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि पोटमाळ्यावर उजेड पडला.

काकूंनी मला ओल्या फडक्याने पुसले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः रंगवाल्याकडे गेल्या. परत आल्यावर काकांना म्हणाल्या, "लाल दिला त्यानं, पाण्यातलाच. तुमची चौकशी केली. सांगितलं सगळं. म्हणाला, 'दुसऱ्यांदा आले तेव्हा गिऱ्हाईकांची गर्दी होती. स्प्रे कशाला नेताय, हे विचारायचं राहून गेलं.' पैसे घेईना. मी ठेवून आले."

वास नसलेल्या रंगाचाही काकूंनी भरवसा धरला नाही. त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, मला शिवणखोलीच्या खिडकीत ठेवले आणि काकांची खुर्ची पलीकडच्या खोलीत, दारातून मी दिसेन अशी मांडली. रोज दुपारी, काकांना दिसणाऱ्या माझ्या डाव्या बाजूला, रंगाचा एक हात. काकूंचा हात आयुष्यभर सुई धरलेला, तो कशाला हलतो? तरी काका तिकडून सूचना करायचेच.

"पातळ. अजून पातळ."

"तुम्ही गाडी बघा. शिवण मी बघते."

"कडेला थेंब साचलाय."

"दिसतोय मला. तुमच्याआधी दिसला."

पण राखाडी अस्तरावर लाल खुलत नाही, मित्रांनो. त्याखाली पांढरा हात द्यावा लागतो. हे काकूंना ठाऊक नव्हते आणि काकांना आठवले तेव्हा दोन हात देऊन झाले होते. चार हात दिल्यावरही माझी डावी बाजू झाकणावरच्या चित्रासारखी झाली नाही. विटेसारखी झाली, मंद आणि काळसर. काकूंचे तोंड उतरले.

काका म्हणाले, "असाच असतो. आगीवरून परत आलेला बंब असाच दिसतो. चित्रातला अजून गेलेलाच नाही." मग म्हणाले, "नंबर राहिला."

काकूंनी सगळ्यात बारीक ब्रशने माझ्या दारावर पांढरा सात काढला. तो किंचित तिरपा आला. काकांनी तो पुसू दिला नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, काकांना इस्पितळात नेले. ह्या वेळी ते परत आले नाहीत. मला ते ऑक्सिजनच्या मशीनवरून कळले. ते घरघरत होते, ते कोणीतरी बंद केले. तेव्हा मला ऐकू आले की घरात किती शांतता आहे.

लेक आली. चार दिवस लोकांची ये-जा होती. पाचव्या दिवशी मायलेकी दोघीच उरल्या. लेकीने रंगाचा डबा उघडून पाहिला.

"आई, अर्ध्याहून जास्त आहे अजून. दुसरी बाजू मी करू?"

काकू मशीनसमोर बसल्या होत्या, पण शिवत नव्हत्या. "मी तुला फार लागेल असं बोलले," त्या म्हणाल्या.

"खोकं मीच पाठवलं होतं ना."

"खोकं तू पाठवलंस. डबे त्यांनी आणले. आणि..." काकूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. "त्या सकाळी पिशवी खुंटीला होती. मी गठ्ठे उचलताना आत बघितलं होतं. डबे दिसले मला. बाहेर वारा सुटलाय हेही दिसत होतं. ते गच्चीवर टिकायचे नाहीत, खाली येऊन मारणार, हे मला कळत होतं. त्यांची शीळ ऐकली आणि गप्प बसले. म्हटलं, इतक्या दिवसांनी खूश आहेत, कशाला मोडता घालायचा. आल्यावर बोलू."

लेक आईजवळ खाली बसली आणि तिच्या मांडीवर डोके ठेवले. काकू तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "हे कोणाला सांगितलं नाही मी. त्यांनापण नाही. ते आपलं सगळं सांगून मोकळे झाले, आणि मी ऐकून घेतलं, बस्स."

त्या दोघी पुष्कळ रडल्या. मी ते पाहिले. माझ्या दोन्ही दिव्यांना आसवे असती तर मीही रडलो असतो.

दुसरी बाजू रंगवायची नाही असे काकूंनीच ठरवले. "एक त्यांनी बघितली," त्या म्हणाल्या. "जी बघायला ते नाहीत ती कशाला?" डब्यातल्या रंगावर पुढे साय धरली, मग तो दगडासारखा झाला. माझी उजवी बाजू आजही राखाडी आहे, भिंतीकडे वळवलेली. शिवायला येणारी माणसे म्हणतात, "छान आहे हो बंब." काकू हो म्हणतात.

आता काकू थकल्या आहेत. सुईत दोरा ओवायला शेजारची कोणीतरी लागते. पूर्वी त्या मला रोज पुसायच्या, आता धूळ दिसत नाही त्यांना. माझ्या शिडीच्या दोन पायऱ्या गळून पडल्या. मागचे एक चाक ढिले झाले आहे. लेकीचा फोन मात्र लांबत जातो, अगदी भाजीच्या भावापर्यंत. मला त्यातच बरे वाटते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखा बंब, जहाज, विमान जोडायला घेईल. जरूर घ्या. रंग स्वस्तातला निवडायला लाजू नका, महागच असतो तो चांगला असे काही नाही. पण डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा, खिडक्या उघडा, जिथे दारे लावावी लागतील असे काम घरात करू नका. मोठ्यांनी केले तर त्यांनाही करू देऊ नका. आणि आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा.

पण ह्याहून मोठी एक विनवणी आहे. माझ्या गोष्टीत चार माणसांना काहीतरी दिसले होते. रंगवाल्याला दिसले, लेकीला फोनवर बाबांची धाप ऐकू आली, काकूंना तर सगळेच माहीत होते, आणि काकांना स्वतःचा हात दिसत होता. कोणी गडबडीत, कोणी लाजेने, कोणी दुसऱ्याचे मन मोडू नये म्हणून तोंड मिटले. तुमच्या घरात कोणी हात लपवत असेल, जिना नसताना जिन्याचे नाव सांगत असेल, फार दिवसांनी अचानक शीळ घालत असेल, तर त्याला विचारा. राग येईल त्याला. येऊ द्या. रागावलेला माणूस घरात असतो, मित्रांनो. तो असणे फार मोठे असते.